लेखनसीमा

गव्हर्नरसाहेब मला भेटले ते लई लावताना.
मैद्याची लई, चिमूटभर मोरचूद,
म्हणजे कसर कागदाला शिवत नाही.
छत्तीस वर्षांत बोटांना निळसर झाक आली
आणि घरी कणकेच्या परातीला हात लावायची
मला आजही मनाई आहे.

काळ्या घोड्याजवळ, दफ्तरखान्याच्या मागच्या खोलीत,
पंखा बंद ठेवून (कागद उडतात)
पोलिटिकल डिपार्टमेंटचे खंड मी पानापानाने उसवले.
साहेबाचा हात न वाचता ओळखू येतो.
रागावला की टीची आडवी रेघ पुढच्या शब्दात घुसते.
नकार द्यायचा असला की अक्षर सुबक.
त्याची शाई लोखंडाची.
जिथे जिथे दाबून लिहिलं
तिथे तिथे तिनं कागद खाल्ला.
म्हणजे साहेब जे ठासून म्हणाला
ते सगळ्यात आधी गेलं.
राहिली सही,
आणि परळच्या उकाड्याची तक्रार.

एका खंडात, दोन इंग्रजी पत्रांच्या मधे,
एक मोडी कागद निघाला.
बोरूचा. शाई काजळीची, कालची वाटावी अशी.
वडिलांनी मोडी शिकवली होती मारून मारून,
ती अशी उपयोगाला येते, कधीतरी, फुकट.

संस्थान हर्णगाव. गादीला वारस नाही.
गजराबाईसाहेबांनी दिराचा नातू मांडीवर घेतला,
त्याला सरकारची मान्यता असावी.
चार महिन्यांतलं हे तिसरं पत्र.
अखंडित लक्ष्मी अलंकृत वगैरे अकरा ओळी,
मग नजराणा, मग आजार, मग मागल्या कराराची याद,
बहुत काय लिहिणे, हे विनंती.
खाली गोल शिक्का: लेखनसीमा.
इथून पुढे कोणी काही घुसडू नये
म्हणून तो मारायचा.

शिक्क्याच्या खाली एक ओळ आहे.
कारकुनाची नव्हे. वळण वेगळं,
ओळ चढावर जाते, मधेच बोरू बदललेला.
'मूल मांडीवरच निजले आहे. हळू वाचावे.'

सोबतचं भाषांतर भास्करजी तळपद्यांचं,
ठाकूरद्वारचे, पगार साठ रुपये, अक्षर मोत्याचं.
अकरा ओळींच्या जागी: शिष्टाचारानंतर.
बाकी सगळं चोख, करारातलं कलमसुद्धा.
ती ओळ नाही.
मूळ कागदावर मात्र तिच्याशेजारी
पेन्सिलीचा एक बारीक ठिपका आहे.
म्हणजे वाचली होती.
नियमाप्रमाणे शिक्क्याखालचं बेकायदा, म्हणून गाळली?
की साहेबाच्या टेबलावर, बर्फाच्या पेल्याशेजारी,
ती हसण्यावारी जाऊ नये म्हणून?
माझं मत आठवड्याला बदलतं.
तळपदे, तुम्ही मला फार त्रास दिलात.

उत्तर सातव्या दिवशी गेलं. अक्षर अतिशय सुबक.
दत्तक नामंजूर.
त्याच तारखेला साहेबानं भावालाही लिहिलंय, खाजगी,
चार पानं, एका घोडीबद्दल, ती लंगडायला लागली म्हणून.
त्यात एक जागा विरघळलेली आहे.
घाम असेल. मुंबईत घामच असतो.

आम्हाला वाचायचे पैसे मिळत नाहीत, चिकटवायचे मिळतात.
यादीत मी लिहिलं तेही तसंच:
मराठी कागद, पान एक, किरकोळ.
दोन्ही बाजूंनी जाळीचं रेशीम लावलं,
ब्रश मधून कडेकडे, बुडबुडा राहू नये असा.
शिक्क्याखाली आलो तेव्हा
शेजारच्या टेबलावर मसुरेकर रेडिओवर मॅच ऐकत होता.
त्याला म्हटलं, जरा बारीक कर.
का, म्हणाला. काय सांगणार?

मग साहेबाची पत्रं दाबयंत्रात घातली,
चाक पुरतं आवळलं, नेहमीसारखं.
तिच्या कागदाला अर्धाच आटा दिला.
म्हणून तो थोडा वाकडा वाळलाय.
सुपरिंटेंडेंटबाईंनी बोट फिरवून पाहिलं,
म्हणाल्या, हा परत घाला दाबात.
हो म्हणालो.
एकतीस तारखेला मी रिटायर होतोय.
बघू.